खाण्याची चाल

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी लिहायचे म्हणजे पाऊस, आई, नाही तर प्राथमिक शाळेतले गुरुजी, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. माझा लेख संगणकावर आहे, त्यातही पटावरच्या खेळात संगणक 'खाण्याची चाल' कशी शोधतो यावर आहे, असे मी संपादक मंडळातल्या एका मित्राला सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी परीक्षेचा हॉल चुकून भलत्याच वर्गात येऊन बसलो आहे. "अरे, हे विज्ञानवाल्यांना लिहू दे की!" तो म्हणाला. विज्ञानवाल्यांनी जरूर लिहावे. परंतु हा विषय माझ्याकडे विज्ञानातून आला नाही. तो आमच्या साखरशेतच्या घराच्या ओटीवरून आला, आणि ज्याने तो आणला त्या माझ्या आज्याने आजवर संगणकाला हातसुद्धा लावलेला नाही.

आधी शब्दांकडे पाहू. मराठीचा विद्यार्थी असल्याने ती खोड जात नाही. बुद्धिबळात आपण मोहरा 'मारतो'. सारीपाटात सोंगटीही मारतो. वाघ-बकरीच्या खेळात मात्र बकरी मारीत नाहीत, 'खातात'. बुद्धिबळ ही लढाई आहे, तेथे दोन्ही बाजू एकमेकांना मारू शकतात. वाघ-बकरीत एका बाजूला तोंड आहे आणि दुसऱ्या बाजूला ते नाही. बकरी वाघाला कधीच खाऊ शकत नाही. तिने करायचे ते एवढेच की वाघाला हलायला जागा ठेवायची नाही. हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

खेळ बहुतेकांना ठाऊक असेल. पाच उभ्या, पाच आडव्या रेघा आणि काही तिरप्या. रेघा जेथे मिळतात ती २५ घरे. चार कोपऱ्यांत चार वाघ. बकरीवाल्याच्या हातात २० बकऱ्या. त्या त्याने एकेक करून पटावर बसवायच्या, आणि सगळ्या बसेपर्यंत बसलेली बकरी हलवायची नाही. वाघ रेघेवरून एक घर सरकतो, किंवा शेजारी बकरी असेल आणि तिच्या पलीकडचे घर सरळ रेघेत रिकामे असेल तर तिच्यावरून उडी मारून तिला खातो. चारही वाघ कोंडले गेले की बकऱ्या जिंकल्या. नेपाळात याच खेळाला बाघचाल म्हणतात आणि तेथे तो मोठ्या मानाचा आहे. तमिळनाडूत तिकोनी पटावर तीन वाघ आणि पंधरा बकऱ्यांचा त्याचा भाऊबंद खेळतात. आमच्याकडे पट कोळशाने ओटीवर काढायचा, बकऱ्या चिंचोक्यांच्या आणि वाघ गारगोटीचे.

हा खेळ आमच्या घरी रंगतो तो आवणी उरकल्यावर, पाऊस लागून राहिला की. तेव्हा माणसे घरात असतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, पाड्याच्या शिवेवर लाकडात कोरलेल्या वाघदेवाला नैवेद्य जातो, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अर्धा पाडा भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतो. मग ओटीवरचा पट पुसला जातो, तो पुन्हा काढायला आषाढ उजाडतो. आज्याचे म्हणणे असे की पूर्वी भर उन्हाळ्यातही सावलीला डाव चालत. आता उन्हाळ्यात त्याच्यासमोर बसायला कोणी नसते. जे असतात त्यांच्या हातात मोबाईल असतो.

असो. यंत्राकडे वळू.

माझा विज्ञान शाखेतला एक मित्र संगणकाला वाघ-बकरी शिकवायची म्हणून हौसेने लागला होता आणि त्याला नियम सांगणारा कोणी हवा होता. तो मी झालो. त्याचा पहिलाच प्रश्न मला गमतीचा वाटला. "वाघ बकरी खाऊ शकतो, हे यंत्राला दिसणार कसे?" आपण पटाकडे पाहतो तेव्हा उघडी पडलेली बकरी आपोआप डोळ्यांत भरते. यंत्राला डोळे नाहीत. त्याला २५ घरांचे २५ आकडे माहीत, पहिल्या ओळीत १ ते ५, दुसरीत ६ ते १०, असे २५ पर्यंत. आता उजवीकडची उडी म्हणजे लागोपाठचे तीन आकडे: ११ वर वाघ, १२ वर बकरी, १३ रिकामे. खालची उडी म्हणजे पाच-पाचने वाढणारे तीन आकडे: ३, ८, १३. तिरपी उडी सहा-सहाने नाही तर चार-चारने. अशी त्रिकुटे पटावर एकूण किती? आम्ही वहीवर मांडून मोजली. आडवी ३०, उभी ३०, तिरपी २०, मिळून ८०. कोपऱ्यातल्या वाघाच्या वाट्याला त्यांतली ३ येतात आणि मधोमध, १३ वर बसलेल्या वाघाच्या वाट्याला ८.

बस्स, यंत्राचे 'पाहणे' एवढेच. ८० त्रिकुटांची यादी घ्यायची आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे: पहिल्या घरी वाघ आहे का? दुसऱ्यावर बकरी आहे का? तिसरे रिकामे आहे का? तिन्ही उत्तरे 'होय' आली तर ती खाण्याची चाल. बुद्धिबळातली मोठी यंत्रे हेच काम अधिक चलाखीने करतात. एकेका प्रकारच्या मोहऱ्यांच्या जागा ६४ शून्य-एकांच्या एकेका आकड्यात भरतात आणि एकाच फटक्यात सगळ्या घरांना प्रश्न विचारतात. पण प्रश्न तेच. एक गोष्ट तेवढी यंत्राला बजावून सांगावी लागते. ४, ५, ६ हे आकडे लागोपाठचे असले तरी ५ हे ओळीचे शेवटचे घर आहे आणि ६ दुसऱ्या ओळीचे पहिले. हे सांगितले नाही तर यंत्राचा वाघ पटाच्या उजव्या कडेवरून उडी मारून डाव्या कडेला उगवतो. आज्याला हे सांगितले तेव्हा तो पोट धरून हसला. "पुढल्या दारानं गेला नि मागल्या दारानं आला व्हय!"

यादी हाती आली की बारीक गोष्टीही कळू लागतात. पहिली बकरी ठेवायला २१ घरे मोकळी असतात. त्यांतल्या १२ घरांत ती ठेवली की कोपऱ्यातला वाघ लगेच खातो; ९ घरे तेवढी निर्धोक. आज्याने हा हिशेब कधी केलेला नाही, पण गेल्या कित्येक वर्षांत त्याची पहिली बकरी त्या नऊ घरांबाहेर पडलेली मी पाहिली नाही.

मित्राचा संगणक महाविद्यालयात, आज्या साखरशेतला, आणि पावसात आमच्याकडची वीज म्हणजे पाहुणी. तेव्हा आम्ही ठरवले की यंत्र मीच व्हायचे. हे वेड आमचे एकट्याचे नाही. अ‍ॅलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९४८ च्या सुमारास आपल्या एका मित्राच्या साथीने बुद्धिबळ खेळण्याची पद्धत कागदावर लिहून काढली. ती चालवू शकेल असे यंत्र तेव्हा त्याच्या हाताशी नव्हते. म्हणून १९५२ साली तो स्वतःच यंत्र होऊन बसला. अ‍ॅलिक ग्लेनी नावाच्या सहकाऱ्यासमोर, प्रत्येक चालीला कागदावरचे नियम चालवून, आपली स्वतःची बुद्धी मध्ये न आणता तो खेळला आणि २९ चालींत हरला. आमची ओटी आणि ट्यूरिंगची खोली यांत अंतर पुष्कळ आहे, पण कागद दोन्हीकडे सारखाच.

माझे नियम साधे होते. मी वाघ. ८० त्रिकुटे तपासायची. खाता आले तर खायचे. दोन बकऱ्या खाता येत असतील तर यादीत जी आधी येईल ती. खाता येत नसेल तर पुढल्या खेपेला जास्तीत जास्त बकऱ्या तोंडाशी येतील असे सरकायचे. माझे स्वतःचे डोके चालवायचे नाही. आज्याला मी सांगितले, "आजा, आज मी नाही खेळत, ही वही खेळते." त्याने वहीकडे पाहिले, मान हलवली आणि पहिली बकरी ठेवली.

पहिल्या डावात वहीने तीन बकऱ्या खाल्ल्या आणि चारही वाघ कोंडून घेतले. दुसऱ्या डावात तर आज्याने तिला खेळवलीच. तो डाव मी टिपून ठेवला आहे. १२ वर माझा वाघ होता. आज्याने १७ वरची बकरी उघडी ठेवली, म्हणजे पलीकडचे २२ रिकामे. त्याच वेळी पटाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक बकरी तशीच उघडी. २१, २३ आणि २४ वर मात्र त्याच्या बकऱ्या आधीपासून बसलेल्या. वहीने यादी चाळली, १७ वरची बकरी खाल्ली, वाघ २२ वर आला. आज्याने हातातली बकरी शांतपणे १२ वर ठेवली, जेथून वाघ निघाला होता तेथे. वहीला पुन्हा खाण्याची चाल दिसली, दुसऱ्या टोकाची. तिने तीही खाल्ली. आज्याने पुढची बकरी १७ वर ठेवली. २२ वरच्या वाघाच्या तिन्ही वाटा बंद. उडी मारावी तर पलीकडे जागा नाही. दोन बकऱ्या देऊन एक वाघ बांधला. "भुकेला वाघ बांधायला सोपा," असे काहीसे तो पुटपुटला आणि विडी पेटवायला चुलीकडे गेला.

आता येथे खरी मौज आहे. वहीला लांबचे दिसत नव्हते, हे उघडच आहे. पण यंत्रांच्या जगात या दुखण्याला फार जुने नाव आहे आणि त्यावरचा इलाजही जुना आहे. तो इलाज आज्यासमोर चालला नाही. का, ते सांगतो.

बुद्धिबळाचे यंत्र काही चाली पुढे पाहते आणि मग कोठे तरी थांबून गुण मोजते: प्यादे १, घोडा किंवा उंट ३, हत्ती ५, वजीर ९. समजा यंत्राचा हिशेब नेमका अशा जागी थांबला की त्याच्या वजिराने समोरचे एक प्यादे मारले आहे. यंत्र म्हणेल, एक गुण मिळाला, छान! पुढच्याच चालीला समोरच्या दुसऱ्या प्याद्याने वजीर मारला जाणार असतो, पण ती चाल हिशेबाच्या पलीकडे पडली. हान्स बर्लिनर या संशोधकाने १९७० च्या दशकात याला क्षितिजाचे नाव दिले. क्षितिजापलीकडचे नाही ते नाहीच, असे यंत्र धरून चालते. यावर तोड ट्यूरिंगलाही सुचली होती, आणि क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली छापलेल्या लेखात ती स्पष्ट मांडली आहे. मारामारी चालू असताना मोजायचे नाही. ठरलेल्या चाली संपल्या तरी मारण्याच्या चाली शिल्लक असतील तर तेवढ्याच आणखी पुढे पाहत जायचे, आणि पट शांत झाला की मगच गुण मोजायचे. ट्यूरिंग अशा शांत पटाला 'मेलेला' म्हणत असे.

या पद्धतीत एक बारीकशी तरतूद आहे, ती मला सगळ्यांत आवडली. मारण्याच्या चाली पुढे पाहताना यंत्र प्रत्येक खेपेला खेळणाऱ्याला 'नको' म्हणायची मुभा देते. समोर दहा गोष्टी मारण्याजोग्या असतील, पण कोणतीच मारणे हिताचे नसेल, तर तो आहे त्या स्थितीचे गुण पदरात घेऊन गप्प बसू शकतो. ही मुभा काढून घेतली तर यंत्र प्रत्येक मारामारी शेवटपर्यंत खेळलीच पाहिजे असे समजते आणि वेड्यासारखे वजीर फुकट घालवते. काही खेळांत मात्र नियमानेच ही मुभा नसते. पाश्चात्त्यांच्या चेकर्समध्ये मारता येत असेल तर मारावेच लागते. म्हणून मी आज्याला विचारले, आपल्याकडे वाघाला बकरी दिसली की खाल्लीच पाहिजे का? त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "वाघाला भूक नसंल तर तो कशाला खाईल?" नियम लिहून घेतला: बळजबरी नाही.

तर वहीत आम्ही ही सुधारणा केली. शांत होईपर्यंत खाण्याच्या चाली पुढे पाहायच्या, आणि 'नको' म्हणायची मुभा ठेवायची. तिसरा डाव. वही पुन्हा कोंडली गेली, फक्त थोडी उशिरा.

असे का झाले? बुद्धिबळात मारण्याचे उत्तर बहुधा मारण्यानेच येते. तुम्ही प्यादे मारता, तो वजीर मारतो. आवाज होतो, तो यादीत सापडतो. वाघ-बकरीत बकरीला तोंडच नाही, हे मी वर म्हटले ते याचसाठी. वाघाने खाल्ल्यावर बकरीचे उत्तर येते ते एक चिंचोका मुकाट्याने रिकाम्या घरात ठेवून. १२ वरची बकरी, १७ वरची बकरी, या चाली 'खाण्याच्या' यादीत कधीच येणार नाहीत. वही खाण्यामागून खाणे पाहत राहिली, सगळे खाऊन झाल्यावर 'आता पट शांत आहे' असे म्हणाली, आणि त्या शांततेतच आज्या काम करीत होता. खाण्याच्या चाली शोधून डाव जोखणे ही वाघाची नजर आहे. बकऱ्यांचा डाव तिच्यात मावत नाही. मित्राला हे सांगितले तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग सगळ्याच चाली पाहाव्या लागणार."

सगळ्या चाली पाहायच्या म्हणजे आकडे भूमितीने वाढतात. प्रत्येक वेळी ३० चाली धरल्या तर चार चालींपुढचे पट होतात ८,१०,०००. येथे खाण्याची चाल पुन्हा कामाला येते, पण निवाडा करायला नव्हे, रांग लावायला. एखादी चाल वाईट ठरवायला तिचे एकच सणसणीत उत्तर पुरते. बाकीची एकोणतीस उत्तरे पाहायची गरज उरत नाही. आणि सणसणीत उत्तर बहुतेक वेळा मारण्याच्या चालींतच असते. म्हणून यंत्र त्या आधी तपासते, त्यातही लहान मोहऱ्याने मोठा मोहरा मारण्याची चाल अगदी प्रथम. रांग अचूक लागली तर त्या आठ लाख दहा हजारांचे काम १,७९९ पट पाहून भागते. १९९७ साली गॅरी कास्पारोव्हला हरवणारे डीप ब्लू सेकंदाला वीस कोटी पट पाहू शके. तरीही त्याला रांग लावावीच लागे. आज नाशिकचा विदित गुजराथी असो की २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख असो, त्या तोडीच्या खेळाडूंच्या सरावात अशी यंत्रे रोजची झाली आहेत.

हे सगळे डोक्यात घोळत असतानाच घरात एक वेगळा डाव चालू होता. त्याबद्दल लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला.

गेल्या वर्षी धाकट्या भावाला एका मुकादमाने भट्टीवर चलण्यासाठी उचल देऊ केली. पंधरा हजार रुपये, रोख, दिवाळीच्या आधी. घराचे छप्पर पहिल्याच वादळात उडाले होते, पत्रे आणायचे होते. भाऊ बारावी झालेला, पुढे शिकायचे त्याच्या मनात होते. त्या रात्री मी त्याच्यासमोर वही उघडून बसलो. उचल घेतली, ठीक. मग दर आठवड्याला खर्ची मिळेल, ती उचलीवर चढेल. विटा हजाराच्या भावाने मोजल्या जातील. अवकाळी पाऊस आला तर कच्च्या विटा भिजतील, त्या मोजणीत येणार नाहीत. हिशेब होईल तो शेवटी, निघायच्या दिवशी, आणि तो मुकादमाच्या वहीत असेल. मी म्हटले, येथे थांबून मोजू नकोस, पट शांत होईपर्यंत पुढे पाहा. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "दादा, तुझ्या यंत्राला नको म्हणायची मुभा आहे. मला पत्रे कोण देणार?"

तो गेला. होळीला एक दिवस आला, पुन्हा गेला. पावसाच्या तोंडावर परत आला तेव्हा सहा महिन्यांच्या कामाचे सगळे वजा जाऊन त्याच्या हातात दोन हजार तीनशे रुपये होते. छपरावर पत्रे होते, हेही खरे. आज्याने त्याला काही विचारले नाही. त्याला ओटीवर बसवून बकऱ्या त्याच्याकडे दिल्या आणि स्वतः वाघ घेतले. एरवी वाघ घेणे त्याला आवडत नाही.

या वर्षी वाघबारशीनंतर मुकादम पुन्हा येऊन गेला. भावाने 'नको' म्हटले. तो आता जव्हारला एका दुकानात रोजाने जातो आणि संध्याकाळी आयटीआयच्या प्रवेशाची चौकशी करीत असतो. पण 'नको'लाही काही द्यावे लागतेच. मागच्या भिंतीकडचा अर्धा भाग अजून ताडपत्रीवर आहे आणि बियाण्याची उधारी फिटलेली नाही. हा पट अजून शांत झालेला नाही, म्हणून मी तो मोजत नाही.

मित्राने शोधून काढलेली एक गोष्ट सांगायची राहिली. वाघ-बकरीचा खेळ, म्हणजे त्याचा नेपाळी अवतार, संगणकाने पुरता सोडवला आहे. लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या दोघांनी हे काम केले आणि २००९ साली एका ग्रंथात ते छापून आले. त्यांनी शेवटाकडून सुरुवात केली. सगळ्या बकऱ्या पटावर बसल्यानंतरच्या प्रत्येक मांडणीचा निकाल उलट दिशेने लावून त्याची कोठी भरून ठेवली. मग आरंभीच्या, बकऱ्या बसवण्याच्या चाली त्या कोठीपर्यंत पाहत नेल्या. नेपाळी नियमात पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकतात, म्हणून पटावर २० पासून १६ पर्यंतच बकऱ्या धरायच्या. अशा मांडण्या होतात ३५,२८,७१,७५०. पट फिरवला किंवा आरशात धरला तरी डाव तोच, हे लक्षात घेऊन आठाने भागायचे, आणि खेळी वाघाची की बकरीची म्हणून दुप्पट करायची. सुमारे पावणेनऊ कोटी उरतात. निष्कर्ष असा की दोघेही न चुकता खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. चेकर्सचेही २००७ साली कॅनडातल्या जोनाथन शेफर यांच्या गटाने तसेच सिद्ध केले होते.

हे मी मोठ्या उत्साहाने आज्याला सांगितले. त्याला बरोबरी मान्य नव्हती. नीट खेळली तर बकरीच जिंकते, हे त्याचे मत. मग त्याने विचारले, "पाच बकऱ्यांत वाघ जिंकला, हे कोणी ठरवलं?" आमच्याकडे असा आकडाच नाही. वाघ खात जातो, आणि आता वाघ कोंडण्यापुरत्या बकऱ्या उरल्या नाहीत हे बकरीवाल्याला कळले की तो स्वतः पट मोडतो. कधी मोडायचा हे त्याच्या समजुतीवर. मी मित्राकडे गेलो. त्याने हिशेब केला: आकडा काढून टाकला तर बकऱ्या कितीही उरू शकतात, आणि मांडण्या होतात २,६५२ कोटींहून अधिक. नेपाळी खेळाच्या सुमारे ७५ पट. आज्याच्या एका प्रश्नाने कोठी इतकी वाढली. त्या मोठ्या कोठीत बरोबरी टिकते की आज्याचे म्हणणे खरे ठरते, हे काढायला मित्राने सुरुवात केली आहे; प्रयोगशाळेतला एक संगणक रात्रभर चालू ठेवण्याची परवानगी त्याला मिळाली आहे, वीज असेल त्या रात्री.

पण त्याआधी नियम नक्की हवेत, आणि ते माणसांकडूनच मिळणार. साखरशेतचे मी लिहून घेतले. आमच्या शेजारच्या पाड्यावर म्हणे एका उडीत दोन बकऱ्या खाण्याची रीत होती. आमच्याकडे एका उडीला एकच. खोडाळा, सूर्यमाळ, दाभोसा, विक्रमगडकडच्या मित्रमैत्रिणींना म्हणून विनंती आहे. सुट्टीत घरी जाल तेव्हा म्हाताऱ्या माणसांना विचारा: तुमच्याकडे वाघ किती, बकऱ्या किती? खाणे सक्तीचे आहे का? बसलेली बकरी सगळ्या बसण्याआधी हलवता येते का? वाघ जिंकला हे केव्हा म्हणायचे? दिवाळीनंतर विचारणाऱ्यांना उत्तर देणारी माणसे घरी भेटणार नाहीत, तेव्हा पावसाळ्यातच विचारलेले बरे. ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची वही ठेवली आहे. पहिल्या पानावर ८० त्रिकुटे आहेत, ती कृपया फाडू नयेत. नियम दुसऱ्या पानापासून लिहावेत आणि शेजारी पाड्याचे नाव घालावे.